सत्त्याहत्तर गाळे आणि एक तक्ता

अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या सत्रात प्रत्येकाला एक जुनी वास्तू निवडून तिचं वारसा मूल्यांकन करायचं होतं, म्हणजे ती वारसा म्हणून किती आणि का महत्त्वाची ते ठरवायचं होतं. वर्गातल्या बहुतेकांनी सिडनीतली घरं, चर्च, शाळा घेतल्या. एकाने जुना पब घेतला आणि त्याच्या क्षेत्रभेटी सगळ्यांपेक्षा जास्त झाल्या. मी गंडगायचा रेल्वे पूल घेतला. सिडनीपासून जवळजवळ चारशे किलोमीटर, मेलबर्नला जाणाऱ्या ह्यूम हायवेलगत मरमबिजी नदीच्या काठी हे छोटं गाव आहे. शिक्षिका म्हणाल्या, "फार लांब नाही का पडणार?" पडणार होतंच. पण मी सांगलीची आहे. पुराच्या नदीवर पूल कसा बांधला असेल हे बघायला मला कोणी आग्रह करावा लागत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात लोक एकमेकांना तब्येत विचारायच्या आधी 'आयर्विनला किती फूट?' असं, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं ते, विचारतात. 2019 मध्ये तो आकडा सत्तावन्नच्या वर गेला तेव्हा मी घरीच होते.

गंडगायच्या लोकांचा आकडा वेगळा आहे. 1852 च्या जून महिन्यात एका रात्री मरमबिजी चढली तेव्हा हे गाव नदीच्या मळईतच वसलेलं होतं. सपाट, सुपीक, नदी ओलांडायला सोयीची जागा. तिथल्या मूळच्या विराजुरी लोकांनी ही जागा पाण्याची आहे असं बजावलं होतं, असं गावात आजही सांगतात. अडीचशेच्या आसपास वस्ती, त्यातली किमान ऐंशी माणसं गेली. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातल्या सर्वांत भीषण पुरांमध्ये त्याची गणना होते. यारी आणि जॅकी जॅकी या दोन विराजुरी माणसांनी झाडाच्या सालीच्या होड्यांतून झाडांवर, छपरांवर अडकलेले साठ-सत्तर लोक वाचवले. पुढच्याच वर्षी पुन्हा मोठा पूर आला आणि गाव उठून वर, पार्नासस टेकडीच्या उतारावर गेलं. मळई मोकळी राहिली, ती आजतागायत.

त्या मोकळ्या मळईमुळे पूल लांबला. नदीचं पात्र काही फार रुंद नाही. पण पात्राच्या अलीकडे पसरलेल्या सखल जमिनीवरून गाडी न्यायची, तर भराव घालता येत नाही. भराव म्हणजे बंधाराच. पुराचं पाणी अडून गावात शिरणार. म्हणून पाण्याला वाट देत देत जायचं. पात्रावर पोलादी कैच्यांचे (त्रिकोणी चौकटींचे) गाळे, म्हणजे दोन आधारांमधले भाग, आणि मळईवर लाकडी खांबांची रांग. सगळे मिळून 77 गाळे, लांबी सुमारे 820 मीटर. कूटामंड्राहून गंडगायपर्यंत रेल्वे 1886 मध्येच आली होती. नदी ओलांडून पुढे ट्यूमटला जायला 1903 उजाडलं.

एवढं मी घरबसल्या वाचलं होतं. वाचलेलं आणि मूल्यांकन यांत फरक असतो हे पहिल्या मसुद्यावर शिक्षिकांनी लाल शाईने दाखवलं. 'भव्य', 'देखणा', 'अद्वितीय' हे शब्द खोडले होते. 'अद्वितीय'च्या शेजारी लिहिलं होतं: कशाच्या तुलनेत?

सिडनी आणि गंडगाय ज्या राज्यात आहेत त्या न्यू साउथ वेल्समध्ये मूल्यांकनाचे सात निकष आहेत. ऐतिहासिक महत्त्व, कोणा व्यक्तीशी किंवा समूहाशी संबंध, सौंदर्य वा तांत्रिक कामगिरी, लोकांच्या मनातलं स्थान, संशोधनाला उपयोग, दुर्मीळपणा, आणि आपल्या प्रकाराचा चांगला नमुना असणं. प्रत्येक निकषाखाली वास्तूची बाजू मांडायची, आणि ती स्थानिक पातळीवर महत्त्वाची आहे की संपूर्ण राज्याच्या, हेही ठरवायचं. गंडगायचा पूल 1999 मध्येच राज्याच्या वारसा नोंदवहीत गेलेला आहे. म्हणजे निकाल आधीच लागलेला, मला फक्त वकिली नव्याने करायची होती. मला ते सोपं वाटलं होतं. प्रत्यक्षात आधीच मान्य झालेल्या गोष्टीची कारणं शोधणं जास्त कठीण जातं, कारण 'सगळ्यांना माहीतच आहे' हे कारण चालत नाही.

तुलनेपासून सुरुवात केली. न्यू साउथ वेल्स तेव्हा ब्रिटिश वसाहत होती. तिच्या रेल्वेचे पहिले मोठे अभियंते जॉन व्हिटन. त्यांनी मेनँगलला नेपियन नदीवर 1863 मध्ये लोखंडी पेटीसारख्या गर्डरांचा पूल उभारला आणि बॅथर्स्टला 1876 मध्ये जाळीच्या गर्डरांचा. लोखंड इंग्लंडहून जहाजाने यायचं. व्हिटननंतर नवीन रेल्वेबांधणीची सूत्रं हेन्री डीन यांच्याकडे आली तेव्हा मंदीमुळे वसाहतीची तिजोरी आटली होती. शेतकरी भागांत रेल्वे तर हवी होती, पैसा नव्हता. डीन यांनी हलके रूळ, कमीत कमी माती-भराव आणि स्थानिक माल या धर्तीवर स्वस्तातल्या लाइनी आखल्या. गंडगायची लाकडी रांग त्या काटकसरीतून आली आहे. इथलं लाकूडही साधंसुधं नव्हे. आयर्नबार्कसारखी झाडं इतकी कठीण की खिळा वाकतो. असे उंच, सरळ ओंडके तेव्हा जंगलात सहज मिळत. आज तसा एक खांब बदलायचा म्हटला तरी माल शोधत फिरावं लागतं. दुर्मीळपणाच्या निकषाखाली हे मी लिहिलं आणि ते लाल शाईतून वाचलं. व्हिक्टोरियात नोवा नोवाजवळ स्टोनी क्रीकचा 1916 चा लाकडी पूल आहे, 276 मीटर लांब, वीस मीटर उंच, जंगलात लपलेला. तो उंचीने भाव खातो, आमचा लांबीने. (एव्हाना मी 'आमचा' म्हणायला लागले होते.)

जुनी वर्तमानपत्रं हा या कामातला सगळ्यांत गोड भाग. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह'वर गंडगायची स्थानिक पत्रं घरबसल्या वाचता येतात. यंत्राने वाचलेला मजकूर चुकलेला असला तर वाचकाने दुरुस्त करायचा, अशी तिथे सोय आहे. पुलाच्या शोधात मी कितीतरी बटाट्यांचे भाव, हरवलेल्या घोड्यांच्या जाहिराती आणि चर्चच्या चहापानांचे वृत्तान्त नीट करून ठेवले. हा वेळ कुठल्याही तक्त्यात भरता येत नाही.

पुलाखाली जायला परवानगी लागते. आजूबाजूला कुंपण आणि पाट्या आहेत, कारण वरून लाकूड पडू शकतं. ज्या कार्यालयाकडे अर्ज केला त्याचं उत्तर बऱ्याच स्मरणपत्रांनंतर आलं. एकटीने नाही, पाहणीला जाणाऱ्या माणसाबरोबर, हेल्मेट आणि चमकदार जॅकेट घालून, तो सांगेल तिथेच उभं राहायचं. ती भेट ठरेपर्यंत मी बाहेरूनच काम केलं. पार्नाससच्या टेकडीवरून सगळी रांग एका नजरेत येते. तिथे दुर्बीण लावून बसले आणि एकेक गाळा कागदावर उतरवला. कुठे तिरक्या आधाराची फळी गळालेली, कुठे तुळईचं टोक खाली ओघळलेलं.

पाहणी करणारे गृहस्थ साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. त्यांच्या पट्ट्याला एक साधा हातोडा लटकत होता. मला वाटलं आता यंत्रं निघतील. त्यांनी हातोड्याने खांबावर ठोकलं आणि म्हणाले, "ऐक." ठण्ण असा कोरडा, टणक आवाज. पुढच्या खांबावर ठोकलं, आवाज भद्द आला, जुन्या कणगीवर थाप मारावी तसा. बाहेरून दोन्ही खांब सारखेच करडे, सारखेच रापलेले. त्यांनी दुसऱ्यात बारीक भोक पाडलं. आधी फिकट, कोरडा भुसा आला, मग एकाएकी ड्रिल सैल आत गेलं आणि काळपट ओला चुरा बाहेर आला. टोकाला आकडा असलेली तार आत सरकवून त्यांनी बाहेरचं निरोगी कवच किती जाड उरलंय ते मोजलं, वहीत लिहिलं आणि भोकात औषध लावलेली खुंटी ठोकून ते बंद केलं. भोक उघडं ठेवलं तर पाणी आणि वाळवी यांना दारच उघडून दिल्यासारखं.

खांब कुठे कुजतो ते त्यांनी जमिनीलगत बूट टेकवून दाखवलं. खोल मातीत ओल असते पण हवा नसते, वर हवा असते पण लाकूड कोरडं. बुरशीला दोन्ही लागतं, आणि ते दोन्ही जमिनीच्या पातळीला मिळतं. म्हणून शंभर वर्षांचा खांब वरून खालून धडधाकट आणि घोट्यात मोडलेला. दुसरी जागा बोल्टांची. लाकूड वाळून आकसलं की बोल्ट सैल होतो, फटीत पावसाचं पाणी उतरतं. मी विचारलं, मग पूर्वी काय करायचे? ते म्हणाले, "आवळायचे." एवढंच.

त्या एका शब्दाचा अर्थ मला गावातल्या एका निवृत्त आजोबांनी उलगडून सांगितला. ते रेल्वेच्या गँगमध्ये होते. इथे गँगमनला फेटलर म्हणतात. जुन्या स्टेशनात आता संग्रहालय आहे, तिथल्या स्वयंसेवकांनी ओळख करून दिली. आजोबांच्या सांगण्याप्रमाणे पुलाची गँग वेगळी असायची, सुतारकाम जाणणारी. लाइनवरचे पूल ती क्रमाने घ्यायची. बोल्ट आवळायचे, खराब तुळई काढून नवी बसवायची, गाडीची वेळ झाली की हत्यारं बाजूला. पूर ओसरला की खांबांना अडकलेली झाडं, कुंपणाच्या तारा, एकदा तर फुगलेलं मेंढरू, सगळं काढायचं. कारण अडकलेला पालापाचोळा पुढच्या पुरात पाण्याला धरण घालतो आणि पूल ढकलतो. मी वही उघडून विचारलं, 1903 चं मूळ लाकूड आज किती असेल? ते हसले. म्हणाले, आम्ही ते मोजायला नव्हतो, गाडी पलीकडे न्यायला होतो.

1984 च्या पुराने मार्गाचं नुकसान केलं आणि गाड्या थांबल्या. गाड्या थांबल्या म्हणजे गँगही थांबली. या राज्यात संसदेत कायदा केल्याशिवाय रेल्वेलाइन कायमची बंद करता येत नाही. त्यामुळे अशा कितीतरी लाइनी ना चालू, ना बंद अशा पडून आहेत. 1903 पासून 1984 पर्यंत ऐंशी वर्षं पूल उभा राहिला तो लाकडाच्या ताकदीवर जितका, तितकाच त्या पाना-हातोड्यांवर. त्यानंतरची चाळीस वर्षं त्याने जुन्या पुण्याईवर काढली आहेत.

इथे माझं मूल्यांकन अडलं. पद्धतीप्रमाणे वास्तूचे घटक पाडून प्रत्येकाला श्रेणी द्यायची असते: असाधारण, उच्च, मध्यम, अल्प, किंवा बाधक. पोलादी गाळे, दगडी-काँक्रीटचं काम, लाकडी खांब, तुळया, आधार. नंतर बदललेल्या भागाला सहसा मूळ भागापेक्षा खालची श्रेणी मिळते. इमारतीत हे पटतं. जुन्या घराला कोणी सत्तर साली ॲल्युमिनियमची खिडकी बसवली असेल तर ती बाधकच. पण लाकडी पुलाचा बदललेला खांब हा मूळ पुलाच्या आराखड्यातच गृहीत धरलेला आहे. डीन यांच्या काटकसरीचा अर्थच तो होता: आज स्वस्तात बांधा, पुढे गँग ठेवून सांभाळा. मग 1950 साली बसवलेला खांब 'मध्यम' कसा? मी तक्त्यात एक जादा ओळ घातली, 'नियमित देखभालीची परंपरा', आणि समोर 'असाधारण' लिहिलं.

शिक्षिकांनी ती ओळ खोडली. तक्ता दिसणाऱ्या, हात लावता येणाऱ्या गोष्टींचा आहे, म्हणाल्या. आमची त्यावर बरीच चर्चा झाली. ऑस्ट्रेलियातलं सगळं जतनकाम 'बरा सनदे'वर चालतं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरा नावाच्या खाणगावात 1979 मध्ये ती स्वीकारली गेली. तिचं सार असं, की वास्तू टिकण्यासाठी, वापरात राहण्यासाठी लागेल तेवढं करा आणि बाकी शक्य तितकं कमी बदला. मी म्हटलं, 'लागेल तेवढं' यातच गँग येते. त्या म्हणाल्या, येते, पण ती वास्तूचं महत्त्व सांगणाऱ्या निवेदनात लिही, तक्त्यात नको. तक्ता वाचून कोणीतरी उद्या कंत्राट काढणार आहे. हे मला पटलं. कागद कोण, कशासाठी वाचणार हे त्या कधी विसरत नसत.

कायद्यातही गंमत आहे. नोंदवहीतल्या वास्तूच्या मालकाने देखभालीची किमान पातळी राखली पाहिजे असा 1977 च्या वारसा कायद्यातच नियम आहे. ऊन-पावसापासून संरक्षण, आगीपासून संरक्षण, सुरक्षितता आणि अत्यावश्यक डागडुजी. वाचताना डोळ्यांसमोर छप्पर, गटार, खिडक्या येतात. उघड्या मळईवर 820 मीटर उभ्या असलेल्या लाकडाला पावसापासून कसं वाचवायचं? आगीपासून वाचवायचं म्हणजे खालचं गवत कापत राहायचं, ते होतं. कुंपण आहे. डागडुजीचं मात्र गणित बसत नाही, कारण पलीकडे न्यायला गाडीच नाही.

शेजारीच दुसरं उदाहरण होतं. प्रिन्स आल्फ्रेड पूल, 1867 चा लोखंडी रस्तापूल, आणि त्याला मळईवरून जोडणारा जुना लाकडी रस्ता. 1977 मध्ये हायवे नव्या पुलावर गेला आणि या लाकडी रस्त्याची गरज संपली. तोही गावाला प्रिय होता, त्याचीही चित्रं घराघरांत आहेत. 2021 च्या अखेरीस तो पाडायला घेतला. लोखंडी पूल राहिला, लाकडी रांग गेली. कारण सुरक्षिततेचं. मी गेले तेव्हा मळईवर एकच रांग उरली होती. गावातल्या दोघातिघांनी मला त्याबद्दल सांगितलं ते रागाने नव्हे, तर पुढचा नंबर कुणाचा हे कळून चुकलेल्या माणसाच्या सुरात. तरी एक बाब नमूद करायला हवी: पाडण्याआधी तिथे चर्चा झाली, कागद झाले, नोंदी झाल्या. मुंबईत 2022 च्या नोव्हेंबरात दीडशे वर्षांचा कर्नाक पूल पाडला तेव्हा बातम्या आल्या त्या 27 तासांच्या मेगाब्लॉकच्या. मुंबईला 1995 पासून वारसा नियमावली आहे, देशातली पहिली. पण पुलाकडे वारसा म्हणून बघायची आपल्याला सवयच नाही. लोकल वेळेवर सुटते की नाही एवढंच आपण बघतो.

लोकांच्या मनातलं स्थान हा निकष सिद्ध करणं मला सर्वांत सोपं जाईल असं वाटलं होतं. तिथेही प्रश्न आला: 1852 च्या पुराचा 1903 च्या पुलाशी संबंध काय? यारी-जॅकींचा कांस्य पुतळा 2017 पासून शेरिडन स्ट्रीटवर आहे, पुलावर नाही. पुलाच्या कागदपत्रांत त्यांचा उल्लेख मला सापडला नाही. गावातली माणसं मात्र मला पूल दाखवताना दर वेळी त्या पुराचीच गोष्ट सांगत. शेवटी मी असं मांडलं: पुराने गाव मळईवरून उठवलं, मळई रिकामी राहिली, म्हणून पुढे रेल्वेला एवढी लांब रांग उभारावी लागली. त्या लांबीतून पुराची मर्यादा आजही डोळ्यांना दिसते. हा संबंध भावनेचा नाही, आराखड्याचा आहे. ते परिच्छेद पाठवण्याआधी विराजुरी समाजातल्या एका ज्येष्ठ बाईंना वाचायला दिले. त्यांनी एकच बदल सुचवला. मी 'वाचवणारे स्थानिक' असं लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, नावं माहीत आहेत तर नावं लिही. लिहिली.

शिफारशींच्या पानावर मी हात आखडता घेतला नाही. सगळी रांग वाचवा असं लिहायला बरं वाटतं आणि ते कोणी करत नाही. माझ्या मते पोलादी गाळे आणि त्यांना लागून असलेले नदीकाठचे काही लाकडी गाळे पूर्ण दुरुस्त करून लोकांसाठी उघडावेत. गावातून दिसणारा मधला भाग आधार देऊन उभा ठेवावा, त्यावर चढू देऊ नये. आणि फार कुजलेल्या टोकाचं लाकूड सावकाश उतरवून चांगले तुकडे दुरुस्तीला वापरावेत. टंबरंबा–रोझवूड भागात बंद रेल्वेच्या जागी 2020 मध्ये सायकलमार्ग झाला, त्यासाठी आधी संसदेत कायदा करून ती लाइन रीतसर बंद करावी लागली. इथेही कधीतरी तसं काही झालं तर पुलाला पुन्हा 'पलीकडे न्यायला' काहीतरी मिळेल. कायमस्वरूपी एक छोटी सुतारगँग, वर्षातून ठरावीक काळ, ही शिफारस मी पहिल्या क्रमांकावर टाकली. शिक्षिकांनी समासात लिहिलं: पगार कोण देणार? मी खाली तीन पर्याय जोडले. त्यांतला एकही त्यांना फारसा पटला नाही, पण गुण दिले.

प्रत संग्रहालयाला पाठवली. आठवड्याभरात त्यांचं उत्तर आलं. एका फोटोखाली मी 'उत्तरेकडून' लिहिलं आहे ते बरोबर आहे का हे तपासायला सांगितलं होतं, आणि त्या आजोबांनी आणखी दोन जुन्या सहकाऱ्यांची नावं दिली होती, दोघेही हयात, एक ट्यूमटला, एक बॅटलोला. पुढच्या सुट्टीत दोघांनाही भेटायचं ठरलंय. बॅटलोला गेल्यावर सफरचंदं आणायचीच आहेत.